शेडच्या दारातली बादली

कामोठ्याला माझी मुलगी राहते. तिच्या इमारतीखाली चिकनचं दुकान आहे आणि त्यावर अलीकडेच नवा बोर्ड लागला आहे: ‘हर्बल चिकन’. बोर्डावर तुळशीची पानं, दोन हळकुंडं, लसणाचा गड्डा आणि या सगळ्या मंडळींच्या मधोमध डोक्यावर पदर घेतलेली, हातात हिरवं पाकीट धरलेली एक बाई हसते आहे. गेल्या रविवारी मी तिथे रांगेत उभा होतो. दुकानदार अस्लमभाईंनी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून माझी समजूत घातली, “काका, बेफिकीर राहा. ही कोंबडी दवाईवाली नाय. ओवा, लसूण, हळद खाऊन मोठी झालीय. तुमच्या उमरला एकदम फायदेमंद.”

मी पशुवैद्य आहे. कोंबड्यांच्या एका कंपनीत पस्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालो. पनवेलच्या आसपासच्या कोंबड्यांना ओवा आणि लसूण खाऊ घालण्याची सुरुवात ज्यांनी केली, त्यांत मीही होतो. हे अस्लमभाईंना सांगावंसं वाटलं; पण ते म्हणाले असते, “काका, घरचं कोणी बरोबर आहे का?” म्हणून गप्प राहिलो. गप्प राहणं हे माझं नोकरीतलं मुख्य कौशल्य होतं, आणि पगारही बहुधा त्याचाच मिळत असे.

बोर्डावरच्या बाईंना मी ओळखतो. त्यांचं नाव हिराबाई. तो फोटो काढला तेव्हा त्यांच्या पायाशी एक बादली होती. ती फोटोत नाही, कारण ती मी उचलून बाजूला ठेवली. या लेखात दुसरं फारसं काही घडत नाही. पण त्या बादलीपर्यंत पोचायला थोडी प्रस्तावना करावी लागेल.

आमच्या करंजाड्याच्या सोसायटीत मी ‘कोंबडीचा डॉक्टर’ म्हणून प्रसिद्ध आहे. लिफ्टमध्ये लोक आवाज खाली आणून विचारतात, “खरं सांगा, फुगवायला इंजेक्शन देतात ना?” मी सांगतो, एका शेडमध्ये तीन हजार कोंबड्या असतात. रोज तीन हजार कोंबड्या धरून प्रत्येकीला सुई टोचणारा माणूस मला दाखवा, मी त्याच्या पाया पडतो. लोकांचं समाधान होत नाही. त्यांना सुईच हवी असते. खरी गोष्ट सुईपेक्षा पुष्कळ साधी होती, आणि साधी असल्यामुळे तिच्याबद्दल मला कुणी कधी विचारलं नाही. ती खाद्यात होती.

धंदा असा चालतो. कंपनी शेतकऱ्याला एक दिवसाची पिल्लं, खाद्य आणि औषधं देते. शेतकरी शेड, पाणी, वीज आणि स्वतःची झोप देतो. चाळीसेक दिवसांनी कंपनी कोंबड्यांची वजनं करून त्या घेऊन जाते. कोंबडीनं कमी खाऊन जास्त वजन धरलं तर शेतकरी हुशार. जास्त खाऊन कमी धरलं तर शेतकऱ्यानं खाद्य परस्पर विकलं, असं ठरतं. मधल्या काळात मी मोटरसायकलवरून फिरून दोघांनाही धीर देत असे, म्हणजे शेतकऱ्याला आणि कोंबडीला.

आम्ही खाद्यात अँटिबायोटिक घालत होतो. आजारी कोंबड्यांच्या नव्हे, चांगल्या धडधाकट कोंबड्यांच्या; रोज, चिमूटभर. त्यानं आतड्यातले जंतू दबून राहतात, खाल्लेलं अंगी लागतं आणि कोंबडी लवकर वाढते. त्या औषधाला मी मनातल्या मनात माफीची पावडर म्हणत असे. शेडमधला भुसा ओला राहू दे, पाण्याच्या भांड्यांवर शेवाळ धरू दे, दाटीवाटी होऊ दे, पावडर सगळ्याला माफ करी. तोटा एवढाच, की चिमूट चिमूट खाऊन जे जंतू मरत नाहीत ते त्या औषधाला सरावतात, आणि सरावलेले जंतू शेडच्या जाळीमागे बसून राहत नाहीत. उद्या माणसाला त्याच औषधाची गरज पडली तर ते चालेलच असं नाही. हे मला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. परीक्षेत या प्रश्नाचं उत्तर मी फार छान लिहिलं होतं.

मग एका मोठ्या हॉटेलवाल्यानं कंपनीला कळवलं, की आम्हाला अँटिबायोटिक न घातलेली कोंबडी हवी. पुस्तकांना जे इतक्या वर्षांत जमलं नाही ते त्या एका पत्रानं आठवड्यात केलं. कंपनीचं मनपरिवर्तन झालं. आमचे मार्केटिंगचे साहेब, ज्यांनी कोंबडी जिवंत स्थितीत क्वचितच पाहिली होती, ते मीटिंगमध्ये ‘आपली परंपरा’ आणि ‘आजीचा बटवा’ म्हणू लागले. ओव्याचा अर्क, लसूण, दालचिनी आणि हळद अशी पावडर तयार झाली. पाकीट हिरवं, नाव संस्कृत आणि त्यावर तुळशीचं पान. पावडरीत तुळस नव्हती. मी हे नम्रपणे निदर्शनास आणलं तेव्हा साहेब म्हणाले, “डॉक्टर, तुळस ही भावना आहे.”

पावडर वाईट नव्हती, हे सांगितलंच पाहिजे. अर्क खरा होता. त्यानं कोंबडीची भूक सुधारते, पचन सुधारतं, काही जंतूंना आळा बसतो. माफ करणं मात्र तिला जमत नाही. घाणेरड्या शेडमध्ये पावडर आपलं काम करते आणि घाण आपलं. शेतकऱ्यांनी तिचं स्वागत आपापल्या परीनं केलं. उरण रस्त्यावरच्या एका गृहस्थांचं पाकीट दर आठवड्याला संपायचं आणि कोंबड्यांच्या वजनात काडीचा फरक नसायचा. चौकशी केली तेव्हा कळलं, की जेवणानंतर चमचाभर पावडर ते स्वतःच कोमट पाण्यातून घेत होते. त्यांचा अनेक वर्षांचा गॅस गेला होता. आमच्या पावडरीचं ते पहिलं निर्विवाद यश, आणि नेमकं तेच मला अहवालात लिहिता आलं नाही.

साहेबांना ब्रोशरमध्ये छापण्याजोगा प्रयोग हवा होता. त्यासाठी मी हिराबाईंची जागा निवडली. पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नेऱ्याच्या पुढे, त्यांच्या एकाच मापाच्या दोन शेड शेजारी शेजारी होत्या. नवरा नामदेव उरणला बंदरात कामाला, आठवड्यातून एकदा घरी यायचा. शेडचं सगळं हिराबाई बघत. प्रयोग सरळ होता. एक नंबरच्या शेडला जुनी अँटिबायोटिकची पावडर, दोन नंबरला हिरवं पाकीट. बाकी पिल्लं, खाद्य, पाणी, भुसा, निगा, सगळं दोन्हीकडे सारखं ठेवायचं, म्हणजे जो फरक पडेल तो पावडरीचा. मी त्यांना हे तीनदा सांगितलं आणि त्यांनी तीनदा मान हलवली. मग दोन नंबरचं पाकीट फोडून नाकाशी नेलं.

“डॉक्टर, ह्यो तं बालंतिनीच्या खोलीचा वास हाय.”

“ओवा आहे त्यात.”

“तेच म्हनलं मी.”

मला गंमत वाटली. मी हसलो आणि निघालो. त्यांची मुलगी तेव्हा बाळंतपणाला माहेरी आली होती, घरात ओव्याची धुरी चालू होती, हे मला दिसत होतं. त्याचा माझ्या प्रयोगाशी काही संबंध असेल हे मात्र दिसलं नाही.

बाराव्या दिवशी पुन्हा गेलो. एक नंबरची शेड बघून दोन नंबरकडे वळलो तर दारात पाण्यानं भरलेली बादली, शेजारी तांब्या आणि उंबऱ्यावर आडवी काठी. आतून हिराबाईंचा आवाज आला, “चपला थितंच सोरा. पाय धुवा नि मंग या.”

“का हो?”

“बालंतिनीच्या खोलीत कुनी असाच शिरतं का?”

पाय धुऊन आत गेलो. भुसा हातात घेतला तर कोरडा, भुरभुरीत. रोज सकाळी त्या तो वरखाली करत. पाण्याची भांडी राखेनं घासलेली. वाऱ्याच्या बाजूला गोणपाट लावलेलं, संध्याकाळी कोपऱ्यात शेगडी. शेजारच्या बायका, खाद्याचा ट्रकवाला, कुणालाही त्यांनी आत पाऊल टाकू दिलं नव्हतं. नामदेवलासुद्धा बंदरातून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय तिकडे फिरकायची परवानगी नव्हती. आमच्या भाषेत याला जैवसुरक्षा म्हणतात. हा शब्द मी वर्षानुवर्षं चित्रांचे तक्ते घेऊन गावोगावी शिकवत होतो, आणि तो उच्चारला रे उच्चारला की पहिल्या रांगेतले शेतकरी डोळे मिटून घेत. इथे चिमूटभर ओव्याच्या वासानं तो अख्खा धडा पाठ झाला होता.

“आणि एक नंबरला?” मी विचारलं. “तिथे बादली नाही?”

“थितं कशाला? थितं तुमचं औषध हाय ना.”

या एका वाक्यात अँटिबायोटिकचा सगळा इतिहास आला. पण मी तेव्हा इतिहासाचा विचार करत नव्हतो, प्रयोगाचा करत होतो, आणि प्रयोग बिघडला होता. एका शेडला नुसती पावडर, दुसरीला पावडर आणि हिराबाई. शास्त्राप्रमाणे मी प्रयोग रद्द करून नव्यानं सुरू करायला हवा होता, नाहीतर हिराबाईंना ‘पाय धुणं बंद करा’ म्हणून सांगायला हवं होतं. मी यातलं काहीच केलं नाही. साहेबांना फोन केला.

“साहेब, दोन्ही शेडमध्ये सारखेपणा राहिलेला नाही.”

“वजन कुठल्या शेडचं जास्त येतंय?”

“दोन नंबरचं.”

“म्हणजे आपलं.”

“हो, पण बाई तिथे जास्त निगा राखतायत, त्यामुळे—”

“डॉक्टर, ब्रोशर छपाईला गेलंय.”

चाळिसाव्या दिवशी वजनं झाली. दोन नंबरच्या कोंबड्या सहज भारी भरल्या आणि मर, म्हणजे मधल्या काळात मेलेल्यांची संख्या, नावालाच होती. अहवालाच्या छापील फॉर्मवर एक रकाना असे: ‘दोन्ही शेडमधील व्यवस्थापन’. त्यात मी लिहिलं, ‘समान’. खाली सही केली. मला बढती मिळाली आणि ती मी नाकारली वगैरे नाही. ब्रोशर आलं. त्यात प्रगतिशील शेतकरी म्हणून नामदेवचं नाव होतं, कारण शेड त्याच्या नावावर होती. ते मी हिराबाईंना दिलं तेव्हा त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं, आणि त्याचा कागद चांगला जाड आहे म्हणाल्या.

पुढच्या बॅचला साहेबांनी पाहणी दौरा काढला. आता दोन्ही शेडना हिरवं पाकीट होतं आणि दोन्ही दारांत बादल्या होत्या. मिनीबसमधून डीलर आले, बाहेरगावचे बडे शेतकरी आले, हॉटेलवाल्यांचा माणूस आला, फोटोग्राफर आला. सकाळी खालापूरकडच्या एका फार्मवर चहा झाला आणि सगळे तिथल्या शेडमधून फिरले. तिथे काही कोंबड्या पिसं फुगवून कोपऱ्यात बसल्या होत्या. मी त्या पाहिल्या होत्या. तिथून सगळे त्याच बुटांनी हिराबाईंकडे आले.

हिराबाई दारात उभ्या होत्या. “पाय धुवा.”

साहेब हसले, मग बाकीचेही हसले. साहेबांचे बूट चामड्याचे, नाडीचे होते. फोटोग्राफर म्हणाला, बादली फ्रेममध्ये येतेय, बरी दिसत नाही. सगळे माझ्याकडे बघू लागले. त्या घोळक्यात पाय का धुवायचे हे शास्त्र म्हणून शिकलेला मी एकटा होतो.

“हिराबाई, आज राहू दे,” मी म्हणालो. “पाहुणे आहेत.”

“पावन्याला तं आधी पायावर पानी देतात,” त्या म्हणाल्या.

मी बादली उचलली आणि भिंतीमागे ठेवली. हिराबाईंच्या हातात हिरवं पाकीट दिलं. फोटोग्राफरनं तीनदा सांगितल्यावर त्या हसल्या. मग सगळी पलटण आत शिरली. साहेबांनी एक कोंबडी हातात घेऊन फोटो काढून घेतला आणि हात सॅनिटायझरनं पुसले. कोंबडीला कुणी सॅनिटायझर दिलं नाही.

चौथ्या दिवशी हिराबाईंचा फोन आला. कोंबड्या माना टाकून बसतात, पांढरं पाणी हगतात. मी पोचलो, एक मेलेली कापून पाहिली. गंबोरो. हा विषाणूचा रोग बुटाच्या तळव्याला चिकटून एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जातो, आणि त्याच्यापुढे अँटिबायोटिक चालत नाही की ओवाही चालत नाही. लस दिलेली होती, ती कशी कमी पडली ते कळलं नाही. रोग खालापूरच्या फार्मवरून आला हे कुणी सिद्ध करू शकत नाही. मी तर नाहीच, कारण तिथे जाऊन मी तपासणी केली नाही. करावी असं फार वाटलंही नाही.

हिराबाई रोज सकाळी मेलेल्या कोंबड्या घमेल्यात भरून मागच्या खड्ड्याकडे नेत आणि वर चुना टाकत. बादल्या त्यांनी पुन्हा दारांत आणून ठेवल्या होत्या. मी पाय धुऊन आत जाई. त्या एकदाच म्हणाल्या, “डॉक्टर, मी तं सांगितलं व्हतं.” मी लसीबद्दल काहीतरी बोललो. दोन्ही शेड मिळून त्या बॅचचं फारसं काही उरलं नाही.

साहेबांना वेगळीच काळजी. लोक म्हणतील, हर्बल पावडर चालली नाही. अहवाल मागवला गेला. फॉर्म तोच होता, रकानाही तोच होता. या वेळी मी त्यात लिहिलं, ‘व्यवस्थापनातील त्रुटी’. म्हणजे कोंबड्या जगल्या त्या पावडरीनं जगवल्या आणि मेल्या त्या हिराबाईंनी मारल्या, असं आता कागदोपत्री माझ्या सहीनिशी ठरलं. कंपनीनं त्यांना पिल्लं देणं बंद केलं. मला लाज वाटली, आणि अजून वाटते. ती वाटली म्हणून मी काही केलं मात्र नाही. तेव्हा मुलीची ॲडमिशन होती, घराचे हप्ते होते, आणि कारणं सापडायला मला कधीच वेळ लागला नाही.

पावडर खपली. ब्रोशर वाचून शेतकऱ्यांनी जुनी पावडर सोडली आणि शेड होत्या तशाच ठेवल्या, कारण पाय धुणं, भुसा उलटणं, भांडी घासणं याबद्दल ब्रोशरमध्ये चकार शब्द नव्हता. कोंबड्या आजारी पडल्या. मग ‘झाडपाल्यानं काही होत नाही’ असं म्हणत काहींनी जुनी पावडर कुठूनतरी पैदा केली आणि हिरव्या पाकिटात भरून ठेवली. मी पाहणीला गेलो की वास यावा म्हणून वरून घरचा ओवा भुरभुरलेला असे. मी तो वास घेऊन समाधानानं मान हलवत असे. त्या पाकिटाबरोबर हिराबाईंची बादली गावोगावी गेली असती, तर बऱ्याच जणांचं अँटिबायोटिकशिवाय नीट चाललं असतं, असं मला अजूनही खात्रीनं वाटतं. ती बादली माझ्या हातून भिंतीमागे गेली होती.

तर गेल्या रविवारी तो बोर्ड बघितला आणि सोमवारी मी नेऱ्याच्या रस्त्याला लागलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आता प्लॉटच्या जाहिराती आहेत. कोंबडीपेक्षा प्लॉट लवकर वाढतो आणि त्याला खाद्य लागत नाही, हे शेडवाल्यांना कळून चुकलं आहे. हिराबाईंच्या एक नंबरच्या शेडमध्ये कुणाच्या तरी लाद्यांचं गोडाऊन आहे. दोन नंबरची अर्धी जाळीनं बंद करून त्यांनी आपल्या गावठी कोंबड्या ठेवल्या आहेत. दारात बादली होती. आता प्लास्टिकची आहे.

मी कुणी न सांगता पाय धुतले. हिराबाई आत कण्या टाकत होत्या. केस पांढरे झालेत, पण जाळीतून मला लगेच ओळखलं. मी बाहेरूनच सगळं सांगून टाकलं: फॉर्म, तो रकाना, आधी ‘समान’, मग ‘त्रुटी’. चार वाक्यांत संपलं. इतकी वर्षं मला ते फार लांबलचक वाटत होतं.

त्या कण्या टाकत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हंजे माजी मेहनत पावडरीच्या नावावर घातली.”

“हो.”

“नि तुमच्या बुटांची घान माज्या नावावर.”

मी बोर्डाचं सांगितलं. कामोठ्याला दुकानावर तुमचा फोटो लागलाय, मोठा, रंगीत.

“माजा फोटू? बादली हाय का त्याच्यात?”

“नाही.”

“मंग लोकांना त्याच्यातून काय कलनार?”

मी म्हणालो, हे सगळं मी दिवाळी अंकात लिहिणार आहे, बादलीसकट. “लिवा,” त्या म्हणाल्या. त्यांच्या पायात कोंबड्या घोटाळत होत्या. कोपऱ्यात एका खुराड्यावर गोणपाट टाकलेलं होतं आणि त्याखालून बारीक चिवचिव येत होती. ओव्याचाही वास होता, निखाऱ्यावर टाकलेल्या.

“आत येऊ का?” मी विचारलं. “पाय धुतलेत मी.”

त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. ते अजून ओले होते.

“बगितलं मी,” त्या म्हणाल्या. “तरी बी नको, डॉक्टर. परवाच पिल्लं निंगालीत. भायेरचा मानूस नको.”

मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. पस्तीस वर्षं मी लोकांना हेच शिकवत होतो.